आधी विभाग वेगळे कर

रामबाग, इंदूर

अनेक आशीर्वाद.

सिमरोलहून पाठवलेला तुझा आलेख नीट पाहिला. बारा स्पिनांची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या इवल्या क्वांटम चुंबकांची, हायझेनबर्ग साखळी, प्रत्येक स्पिनवर वेगळं यादृच्छिक क्षेत्र, आणि क्षेत्र जोडणीच्या जेमतेम एकपट असतानाच लोकलायझेशन, म्हणजे साखळी जागच्या जागी अडकलेली, स्थानबद्ध! पेपर लिहायला घेऊ नकोस, आधी कोड उघड.

ऊर्जा-पातळ्यांमधल्या लगतच्या दोन अंतरांचं (लहान भागिले मोठं) तुझं सरासरी गुणोत्तर ०.३९ आलंय. स्थानबद्ध साखळीत पातळ्या एकमेकींची दखल घेत नाहीत, म्हणून ते ०.३८६ च्या आसपास असतं. उष्मीय, म्हणजे ऊर्जा सगळीकडे वाटली जाणाऱ्या, साखळीत त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि ते ०.५३ पर्यंत जातं. तुझ्या इतक्या कमकुवत क्षेत्रात ०.५३ च्या जवळपास काहीतरी यायला हवं होतं. घोळ कुठे आहे? तू सगळ्या ४,०९६ पातळ्या एकाच रांगेत लावल्यास. एकूण झेड-स्पिन (सगळ्या स्पिनांच्या झेड दिशेतल्या घटकांची बेरीज) बदलत नाही, त्या बेरजेनुसार पातळ्यांचे विभाग पडतात, त्यामुळे वेगवेगळ्या विभागांतल्या पातळ्यांना एकमेकींशी देणंघेणंच नसतं. त्यांची सरमिसळ केली की चांगली उष्मीय साखळीसुद्धा स्थानबद्ध भासते. शून्य स्पिनचा विभाग घे, त्यात ९२४ अवस्था आहेत, आणि वर्णपटाचा फक्त मधला भाग ठेव.

आणखी एक. एकाच यादृच्छिक क्षेत्रातल्या शेकडो पातळ्या म्हणजे शेकडो स्वतंत्र मोजमापं नव्हेत. आधी प्रत्येक नमुन्याची, म्हणजे क्षेत्राच्या एकेका यादृच्छिक निवडीची, सरासरी काढ, मग नमुन्यांची. त्रुटीही त्यावरूनच ठरव, नाहीतर ती फसवी लहान दिसेल.

लोकलायझेशनचा अँडरसनचा १९५८ चा मूळ निष्कर्ष एकट्या कणाचा होता. कण आपसात क्रिया करत असताना काय होतं, हा प्रश्न बास्को, अलाइनर आणि अल्टशुलर यांनी २००६ मध्ये नव्याने उभा केला. २०१५ मध्ये बावीस स्पिनांपर्यंतच्या हिशोबातून जोडणीच्या सुमारे ३.७ पट क्षेत्रापाशी उष्मीयकडून स्थानबद्धकडे संक्रमण दिसलं. पण साखळी लांबवत गेलं की वेगवेगळ्या लांबींच्या आलेखांचा छेदनबिंदू जास्त क्षेत्राकडे सरकतो, म्हणून अनंत साखळीत संक्रमण कुठे होतं, यावर अजून वाद आहे. मला हा वादच या विषयाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. तेव्हा तुझ्या निष्कर्षात ‘या लांबीत’ हे शब्द असलेच पाहिजेत.

सोळा स्पिनांसाठी विभागात १२,८७० अवस्था होतात. मॅट्रिक्सला सव्वा जीबीच्या वर मेमरी लागेल, तेव्हा तो हिशोब तुझ्या लॅपटॉपवर सध्या नको. दहा, बारा आणि चौदाचे आलेख एकाच कागदावर काढ आणि रविवारी दुपारी घेऊन ये. जेवायलाच ये.