केनेडींना लागलेली 'जादूची गोळी' खरंच अशक्य होती का?
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६३ मध्ये डॅलसमध्ये उघड्या गाडीतून जाताना हत्या झाली. ते आणि त्यांच्या पुढे बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली या दोघांना एकच गोळी लागायला ती हवेत वळली होती का, असं तुम्ही विचारलंय. एका गोळीने हे शक्य नसेल तर दुसरा बंदूकधारी असणार, असा यामागचा तर्क. वळायची गरजच नव्हती. दोघे नेमके एकामागे एक, एकाच उंचीवर बसले होते असं धरून काढलेली आकृती सगळीकडे फिरते. प्रत्यक्षात कॉनली घडीच्या आसनावर होते. केनेडींपेक्षा खाली आणि गाडीच्या आतल्या बाजूला. तशी बैठक मांडली की मार्ग सरळ जुळतो. कॉनलींच्या पाठीवरची जखमही लांबट होती. गोळी आधी कशातून तरी गेल्याने कलंडली, असा बहुतेक तज्ज्ञांनी त्याचा अर्थ लावला. मला हा पुरावा फार वजनदार वाटतो.

शंकेला खरी जागा आहे ती शवविच्छेदनात. डॅलसच्या डॉक्टरांनी श्वासासाठीचा छेद गळ्याच्या जखमेतूनच घेतला होता. बेथेस्डातल्या नौदल रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मानेतला गोळीचा मार्ग उघडून पाहिलाच गेला नाही. राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत ही हयगय अक्षम्यच! पण हयगयीतून दुसरा बंदूकधारी सिद्ध होत नाही. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने कटाची शक्यता मानली ती मुख्यतः पोलिसांच्या ध्वनिमुद्रणावरून; त्यात गोळ्यांचे आवाज असल्याचं मानलं गेलं होतं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तोच आधार फेटाळला.