सह्याद्रीत जंगलाला लागून असलेल्या जागेत गुलमोहर लावावा का?

झाडीच्या आत अजिबात नको. घरासमोरच्या मोकळ्या भागात एखादा चालेल.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याला दिवसभर ऊन लागतं. ऐन-किंजळासारख्या उंच रानझाडांच्या सावलीत तो उजेडाकडे झुकत शेलाटा वाढतो, फुलतही नाही. मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्यामुळे पावसाळी वाऱ्यात फांद्या मोडतात, कधी अख्खं झाड कोसळतं. म्हणून घर आणि विजेच्या तारांपासून किमान १० मीटर अंतर ठेवा.

मे महिन्यात ६० सेंमी लांब, रुंद, खोल खड्डा खणून उन्हात तापू द्या. निघालेल्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. जूनमध्ये जमीन चांगली भिजली की रोप लावा. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळं आधी सोडवा किंवा छाटा, नाहीतर ती तशीच वेटोळी वाढतात आणि झाडाची पकड कच्ची राहते. खोड मातीत पुरू नका. पाणी साचणारी जागा टाळाच.

खरं सांगायचं तर रानाच्या कडेला पांगारा किंवा पळसच शोभतो: तोच लाल-केशरी बहर, शिवाय मैना, शिंजीर मधासाठी येतात. ओढ्याकाठी ओल असेल तर तामण लावा.