जंगली फायटर मासा (बेट्टा) दलदलीत नेमका कुठे शोधायचा?

मोकळ्या, खोल पाण्यात वेळ घालवू नका. काठालगतचं घोट्याएवढं पाणी, गवताची मुळं, कुजत पडलेल्या पानांचा थर, तिथे बघा. बेट्टा पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे इतर मासे टाळतात त्या साचलेल्या पाण्यातही तो टिकतो. पानाखाली बुडबुड्यांचा फेसाळ पुंजका दिसला तर थांबा, खाली राखण करणारा नर असण्याची दाट शक्यता आहे. मात्र काही जाती अंडी तोंडात सांभाळतात, त्यांचं घरटं दिसणार नाही.

प्रदेशानुसार जात बदलते. बेट्टा स्प्लेंडेन्स मध्य थायलंडच्या भातखाचरांत आणि पाणथळींत, तर बेट्टा महाचायेन्सिस बँकॉकजवळ निपा पामच्या (खाडीकाठी वाढणारं ताडासारखं झाड) मचूळ पाण्यात. मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या पीट दलदलीत (पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर) पाणी कोऱ्या चहासारखं गडद असतं, सामू (pH) ४ च्याही खाली जातो, म्हणजे ते खूप आम्लधर्मी असतं, आणि तिथेच बेट्टा कॉक्सिनाच्या गटातले छोटे लालभडक मासे राहतात. मला तरी सर्वांत सुंदर हेच वाटतात.

हातजाळी पानांच्या थराखाली सरकवून सावकाश वर उचला. पाय टाकण्याआधी काठीने जमीन चाचपा, पीटमध्ये माणूस मांडीपर्यंत रुततो. स्थानिक वाटाड्या आणि परवानगी हवीच.

फोटो काढून मासा तिथेच सोडा आणि नेमकी जागा जाहीर करू नका. मलेशियातल्या जोहोर राज्यातल्या बेट्टा पर्सेफोनीसारख्या जातींकडे फार थोडी दलदल उरली आहे, बाकीची बरीचशी तेलताडाच्या लागवडीसाठी उपसली गेली.