पास सुटायच्या आधी थांबव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू बास्केटबॉल मॅचचा व्हिडिओ पोरींना सलग तासभर दाखवलास आणि शेवटी त्या पेंगायला लागल्या, असं लिहिलंस. मीही सुरुवातीला हेच करायचो. वर चूक दिसली की जिची चूक, तिचं नाव घ्यायचो. एका मुलीच्या हातून तीनदा बॉल गेला होता. ते तिन्ही तुकडे मी सगळ्यांसमोर एकापाठोपाठ लावले. पुढच्या मॅचला बॉल हातात आला रे आला की ती शेजारणीकडे देऊन मोकळी व्हायची. पुन्हा आत घुसायला तिला वर्ष लागलं. ते अजून मनाला लागून आहे.

आता मी पाच-सहा तुकडेच घेतो, वीस मिनिटांत आटपतो. त्यातले निम्मे चांगल्या खेळाचे. बॉल अजून हातात आहे, पास सुटायचाय, तिथे थांबवायचं आणि विचारायचं, "काय दिसतंय?" मग गप्प बसायचं. ती शांतता जड जाते, तरी उत्तर तू देऊ नकोस. आधी सगळ्या बॉलवालीबद्दलच बोलतील. मग एखादी म्हणेल, "सर, पलीकडची डिफेंडर आत सरकलीय, कॉर्नर मोकळा आहे." याच वाक्यासाठी एवढा खटाटोप. मैदानावर हे बघायला तिला जेमतेम सेकंदभर मिळतो. निवांत बसून चार वेळा पाहिलेलं असलं तर तिथे ते ओळखीचं वाटतं.

एक तुकडा मी दरवर्षी दाखवतो. 18 जून 2013, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनल्सची सहावी मॅच. सॅन अँटोनियो तीन गुणांनी पुढे, मायामी हरलं की मालिका संपली. मायामीच्या लेब्रॉनचा थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट, चुकतो. त्याचाच साथीदार ख्रिस बॉश रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला बॉल, घेतो. इथे थांबव. आता बॉल सोडून मायामीच्याच रे ॲलनचे पाय बघायला सांग. तो रिबाउंडसाठी आत आलेला आहे. बॉशच्या हातात बॉल दिसताच तो पाठ न फिरवता उलट्या पावलांनी कॉर्नरकडे सरकतो, पास येतो, थ्री आत. 5.2 सेकंद उरलेले, 95-95. जादा वेळेत मायामी 103-100 ने जिंकलं, दोन दिवसांनी सातवी मॅचही. ती उलटी पावलं ॲलन सरावात घोटत आला होता. पोरींना विचार, बॉशने रिबाउंड घेतला नसता तर ॲलनने कुठे जायला हवं होतं? यावर त्या भांडल्या तर भांडू दे.

मायामीचा तेव्हाचा कोच एरिक स्पोल्स्ट्रा. 1995 मध्ये त्याच संघाच्या व्हिडिओच्या खोलीत तो कामाला लागला आणि 2008 मध्ये मुख्य कोच झाला. रात्री उशिरापर्यंत तुकडे कापत बसायचा कंटाळा आला की हे आठव.

आणखी एक. तुझ्या व्हिडिओत मोबाइल बॉलच्या मागे धावतोय, त्यामुळे पलीकडच्या दोघी दिसतच नाहीत आणि हेल्पला, म्हणजे बचावात साथीदारणीच्या मदतीला, कोण उशिरा आलं ते कळत नाही. मोबाइल शाळेच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ट्रायपॉडवर लाव. हाफकोर्टमध्ये, म्हणजे अर्ध्या मैदानात, दहाही जणी दिसल्या पाहिजेत. चेहरे बारीक आले तरी चालतील.

रविवारची मॅच तशी घे. मग तुझ्या पॉइंट गार्डला, म्हणजे खेळ मांडणाऱ्या मुलीला, एक तुकडा स्वतः निवडायला सांग, कुठे थांबवायचं तेही तीच ठरवेल आणि प्रश्नही तीच विचारेल. तिने काय निवडलं ते मला कळव.

तुझा,
सर