दारातून परत पाठवलेला मित्र

भांडुपच्या ताईंस,

आपला सातवीतला मुलगा दिवाळीपासून चिडचिडा झाला आहे, शाळेतून आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, डबा निम्मा परत आणतो, क्रिकेटचा सामना लागला तरी उठून बघत नाही आणि काही विचारले तर ‘काय फरक पडतो’ एवढेच म्हणतो, असे आपण लिहिले आहे. शिकवणी बदलली, मोबाइल काढून घेतला, भिजवलेले बदाम सुरू केले, तरी गुण घसरतच आहेत. आता आणखी काय करावे, हा आपला प्रश्न.

गुणांचे राहू द्या. तिसऱ्या पानावर, शिकवणीच्या फीचा हिशेब मांडता मांडता, आपण लिहून गेला आहात : ‘मागच्या चाळीतला एक मुलगा रोज कॅरम खेळायला यायचा, तो अभ्यासात यथातथाच, म्हणून त्याला येऊ नकोस असे सांगितले. तसे याला दुसरे कुणी मित्र नाहीत.’ ताई, मुलाचा एकुलता एक सोबती आपण दारातून परत पाठवलात आणि मुलगा गप्प का झाला, हे मला विचारता?

सगळे दुखणे तेवढ्यानेच आले, असे मी म्हणणार नाही. पण या वयातले नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून अधिक दिसते, आणि ‘काय फरक पडतो’ हा आळस नव्हे. चार्ल्स स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आशेचे दोन भाग मांडले होते : पुढचा मार्ग दिसणे आणि त्या मार्गाने आपण जाऊ शकू असे वाटणे. तेरा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही बव्हंशी बरोबरीच्या मुलाकडून मिळते, जो त्याचे गुण न विचारता ‘चल, बोर्ड काढ’ म्हणतो. बदामांत ते नसते.

तेव्हा आज संध्याकाळी मुलाला बरोबर घेऊन त्या चाळीत जा, त्या मुलाची आणि त्याच्या आईची माफी मागा आणि उद्यापासून खेळायला ये, असे आपल्या तोंडाने सांगा. मुलाच्या हाती निरोप धाडू नका. अपमान आपण केलात, तो त्याने का निस्तरावा?

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली अशी उदासी डॉक्टरांना दाखवायचीच असते, म्हणून याच आठवड्यात केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात त्याला न्या. त्याआधी बोलावेसे वाटले, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली, तर मात्र त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तो मित्र कदाचित लगेच येणार नाही, कारण मुलांनाही मान असतो. पुन्हा जा. आणि तो आला की त्याला चाचणीत किती पडले, हे कृपा करून विचारू नका.