मार्खा खोऱ्याचा बेत: आधी मुक्कामांच्या उंच्या लिहा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चौघं जण, दहा-बारा वर्षं सह्याद्रीत भटकताय, अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले झालेत. आता ऑगस्टअखेर हिमालयातल्या एखाद्या आडबाजूच्या खोऱ्यात आठवडाभर स्वतःचे तंबू टाकत चालायचंय, कंपनीचं पॅकेज नको. कुठे जावं आणि तयारी कुठून सुरू करावी?

कुठे, तर लडाखमधलं मार्खा खोरं. मी दोनदा गेलोय, एकदा फसून आणि एकदा नीट. ऑगस्टमध्ये उत्तराखंड-हिमाचलात पाऊस आणि दरडी ऐन भरात असतात. लडाख पर्जन्यछायेत आहे, लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शिवाय बरीचशी वाट नदीकाठानं जाते आणि मध्ये गावं आहेत, म्हणजे तंबू फाटला किंवा कुणाचा गुडघा बोलायला लागला तर घरगुती मुक्कामाची सोय होते. ‘आडबाजूचं’ हा शब्द मात्र आता जरा सैल धरा. वाट सुरू होते त्या चिलिंगला झान्स्कार नदी पूर्वी तारेवरच्या पाळण्यातून ओलांडावी लागायची. आता पूल आहे, आणि पलीकडे गाडीरस्ता स्क्यू गावाच्याही पुढे आत शिरलाय. सुरुवातीला थोडी धूळ खावी लागेल. खोऱ्यात वरच्या अंगाला असलेल्या हांकर गावाच्या वर गेलात की मात्र तुम्ही, घोडे आणि डोंगर, एवढंच.

आता तयारी. तुमच्या प्रश्नात तंबू कुठला, स्लीपिंग बॅग किती अंशांची, बूट कुठले, हे सगळं आलंय. झोपणार किती उंचीवर, ते कुठेच नाही. सह्याद्रीत आपल्याला तो हिशोब करावाच लागत नाही. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि लेहच्या विमानतळावर उतरता तेव्हाच तुम्ही त्याच्या जवळजवळ दुपटीवर असता. तेव्हा एक कागद घ्या आणि त्यावर अंतरं न लिहिता मुक्कामांच्या उंच्या लिहा. साधारण आकडे असे: लेह ३,५००, स्क्यू ३,४००, मार्खा गाव ३,७५०, हांकर ३,९५०, थाचुंगत्से ४,२५०, निमालिंग ४,७५०. मग सुमारे ५,२०० मीटरची कोंगमारू ला ओलांडून (‘ला’ म्हणजे खिंड) शांग सुमदोला एकदम ३,६५०. वेगवेगळ्या नकाशांत पन्नास-शंभर मीटरचा फरक दिसेल, त्यानं बिघडत नाही.

विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. नियम झोपायच्या उंचीचा आहे. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री खाली या. हा नियम कागदावर लावून पाहा. लेहमध्ये पूर्ण दोन दिवस काढल्यावर स्क्यू थोडं खालीच आहे, मार्खापर्यंत काही प्रश्न नाही. गडबड शेवटाला आहे. थाचुंगत्सेला काहीही नाही, ओढ्याकाठी तंबू टाकण्यापुरती सपाटी, एवढंच. त्यामुळे तो मुक्काम गाळून हांकरहून थेट निमालिंग गाठायचा मोह सगळ्यांना होतो. चालायला अवघडही नाही, दुपारी तीनपर्यंत पोचता. पण ती एका दिवसात ८०० मीटरची उडी आहे.

आम्ही पहिल्या खेपेला नेमकी तीच मारली, कारण परतीचं विमान. आमच्यातला सगळ्यात दमदार गडी, जो हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आमच्या आधी तासभर चढून वर चहा मांडून बसतो, त्याला निमालिंगला संध्याकाळी डोकेदुखी सुरू झाली. भात नको म्हणाला. रात्री दोन उलट्या. पहाटे दोनला तंबूबाहेर आला तर सरळ रेषेत चालता येईना, प्यायल्यासारखा झोक जात होता. ते पाहिल्यावर चर्चा थांबली. दोघं त्याला धरून, कपाळावर टॉर्च लावून, गोठलेल्या वाटेनं थाचुंगत्सेला उतरलो. सकाळी आठला तोच पठ्ठ्या बिस्किटं मागत होता. एक दिवस वाचवायला गेलो आणि दोन दिवस घालवले, विमान चुकलं ते वेगळंच. त्याचा दम कमी पडला नव्हता. विरळ हवा आणि तब्येतीचा दमदारपणा यांचं फारसं नातं नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि डोकं दुखतंय हे शेवटपर्यंत सांगत नाही.

म्हणून चौघांत आधीच ठरवून टाका. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच मुक्काम, वर जायचं नाही. झोक जातोय, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला आहे, तर रात्र असो की पहाट, लगेच खाली. डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. ती गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, तेव्हा घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणून उडी मारायची परवानगी मिळत नाही.

म्हणजे आठवडा पुरत नाही. लेहचे दोन, चालायचे सहा आणि एक दिवस बिनकामाचा, असे नऊ दिवस तरी घ्या, प्रवास वेगळा. तो बिनकामाचा दिवस आधी कुठेही खर्चू नका, खिंडीच्या अलीकडे लागेल. रस्त्यानं जाणार असाल तर श्रीनगरकडून जा, वाटेत २,७०० मीटरवर कारगिलला रात्र मिळते. मनालीकडून गेल्यास बरेच जण सरचूला ४,२०० च्या वर झोपतात आणि ट्रेक सुरू होण्याआधीच आडवे होतात.

कंपनी नको म्हणता ते मला पटतं, पण घोडेवाला घ्या. सात दिवसांचं खाणं, गॅस आणि तंबू पाठीवर घेऊन ५,२०० मीटरची खिंड चढायची हौस कागदावरच बरी. शक्यतो खोऱ्यातल्याच गावचा माणूस बघा. कुठल्या ठिकाणी ओढा उतरायचा, हे त्याला ठाऊक असतं. बोलणी करताना परतीच्या दिवसांची मजुरीही त्यात धरायची असते. तुम्ही पलीकडे उतरून गाडीत बसता, त्याला घोडे घेऊन मागे जायचं असतं. पुष्कळ जण इथे घासाघीस करतात आणि मग चौथ्या दिवशी घोडे सकाळी दहापर्यंत सापडत नाहीत. हेमिस राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क आणि लडाखची इतर पर्यटन-शुल्कं लेहमध्येच भरून पावत्या जवळ ठेवा.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण आपण मराठी माणसं तूरडाळ घेऊन जातो. निमालिंगला पाणी साधारण ८४-८५ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूर रात्रभर शिजवलीत तरी दाताखाली येईल. लहान प्रेशर कुकर घोड्यावर टाका, किंवा सरळ मसूर आणि मूग यांवर भागवा. पिठलं उत्तम, पाच मिनिटांत होतं. मेतकूट-भात, भाजलेल्या रव्याचा घरी केलेला कोरडा उपमा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. उंचीवर भूक मरते, तेव्हा माणूस ओळखीच्या चवीचंच चार घास खातो. गॅसच्या कुप्या विमानात चालत नाहीत, त्या लेहच्या बाजारात घ्या आणि बर्नरला बसतात का ते दुकानातच पाहा. लाकडं पेटवायचा विचारही नको. त्या खोऱ्यात झाड म्हणजे कुणीतरी पाणी घालून वाढवलेला विलो नाहीतर पॉप्लर. वाटेत जुन्या लष्करी पॅराशूटच्या कापडाचे चहाचे तंबू लागतात, तिथे नूडल्स मिळतात. पण ऑगस्टअखेर सगळे उघडे असतीलच असं धरू नका.

पाण्याची दुसरी गोष्ट म्हणजे ओढे. मार्खा ते हांकर या टप्प्यात नदी पायी उतरावी लागू शकते. हे वितळलेल्या बर्फाचं पाणी. सकाळी घोट्याच्या वर असतं, तेच ऊन तापल्यावर दुपारी मांडीला लागतं. म्हणून सहाला निघा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पायात सँडल ठेवा, अनवाणी नको, आणि एकमेकांना धरून तोंड प्रवाहाकडे करून तिरके सरका. तंबू कोरड्या नाळेत, म्हणजे ओढ्याच्या सुक्या पात्रात, कधीही टाकू नका, जागा कितीही सपाट आणि वाऱ्याच्या आडोशाची असली तरी. पाऊस कमी म्हणून धोका कमी, असं तिथे नाही. उघड्या मातीवर झाडझाडोरा नाही, त्यामुळे थोडा जोराचा पाऊसही चिखलदगड घेऊन येतो. २०१० साली ५ ऑगस्टच्या रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली, तिच्यात दोनशेहून जास्त माणसं गेली.

फोनचं: बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही खोऱ्यात आत शिरल्यावर बहुतेक ठिकाणी निकामी. परदेशातल्या भावानं-मेहुण्यानं प्रेमानं दिलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नेऊ नका. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे आणि विमानतळावरच अडकाल. घरी आधीच सांगून ठेवा की पाच-सहा दिवस फोन येणार नाही. माझ्या आईला मी हे सांगितलं नव्हतं, त्यावर अजून ऐकतोय.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला कळतं. निमालिंगला ऑगस्टअखेर रात्री पारा शून्याखाली जातो तेवढं धरून बॅग घ्या. पातळ कॅरीमॅट एकावर एक दोन घाला, थंडी खालून येते. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा करून, आणि कागद परत आणायचा. गावात असाल तर तिथलं कोरडं संडास वापरा. वर माती टाकायची, पाणी ओतायचं नाही, कारण ते खत शेतात जातं.

आणि निमालिंगला दुपारी लवकर पोचलात तर तंबूत पडू नका. त्या कुरणावर उन्हाळ्यात खोऱ्यातल्या गावांचे मेंढपाळ मेंढ्या-याक घेऊन राहतात, समोर कांग यात्सेचा बर्फाचा सुळका असतो, आणि बिळाच्या तोंडाशी उभे राहून मार्मोट (खारीच्या जातीतले गुबगुबीत प्राणी) तुम्हाला शिट्टी मारतात. दोन-तीनशे मीटर खिंडीच्या वाटेनं हळूहळू चढा, थोडं बसा, खाली या. त्या रात्री झोप बरी लागते.

शांग सुमदोला न्यायला येणारी गाडी लेहमध्येच ठरवून ठेवा. तारीख मात्र राखीव दिवस धरून सांगा. आधी पोचलात तर एक रात्र तिथे तंबूत काढता येते, किंवा मिळेल त्या गाडीनं लेह-मनाली रस्त्यावरच्या कारूपर्यंत येऊन लेहची बस पकडता येते.