फुटेज पडून आहे, एडिटला हात लागत नाही : वाचकांचे प्रश्न

या खेपेला बरेच प्रश्न हौसेनं व्हिडिओ बनवणाऱ्यांचे आलेत. पैशासाठी नाही, कुणी सांगितलंय म्हणून नाही, नुसतं आवडतं म्हणून बनवणारे. त्यातले चार घेतलेत. पहिल्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, नोकरी सांभाळून दोन वर्षं व्हिडिओ बनवतोय. शूट करायला मला प्रचंड आवडतं, कॅमेरा हातात असला की वेळेचं भान राहत नाही. पण एडिटला बसायचं म्हटलं की अंगावर येतं. अकरा ट्रिपांचं फुटेज हार्ड डिस्कवर पडलंय, त्यातले दोनच व्हिडिओ पूर्ण झाले. शनिवारी रात्री ठरवतो की उद्या बसायचंच, आणि रविवारी सगळं उघडून दहा मिनिटांत बंद करतो आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. मला खरंच याची आवड आहे का, का उगाच वाटतंय? मोटिव्हेशन टिकवायचं कसं?

उत्तर : आवड आहे का नाही याचा निकाल आज लावू नकोस. ज्याला आवड नसते तो फाइली उडवून मोकळा होतो, दोन वर्षं मनाला लावून घेत नाही.

मला आधी हे सांग, दहा मिनिटांत बंद करतोस तेव्हा नेमकं काय करत असतोस? कारण आपण ज्याला एडिटिंग म्हणतो ते एक काम नाहीच. फाइली कॉपी करून नीट ठेवायच्या, सगळं फुटेज बघायचं, त्यातलं चांगलं निवडायचं, क्रम लावायचा, कट घट्ट करायचे, मग आवाज, मग कलर, मग टायटल, मग एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं. यातल्या प्रत्येकाला वेगळं डोकं लागतं आणि आपण रविवारी सकाळी या सगळ्यांना एकदम सामोरे जातो. माझा अंदाज असा की तुझा कंटाळा फुटेज बघण्याचा आणि निवडण्याचा आहे, कारण दहा मिनिटांत माणूस त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे कट मारायची मजा आहे तिथपर्यंत तू पोचतच नाहीयेस.

मी स्वतः एकदा चार महिने काहीच एडिट केलं नव्हतं. पक्कं वाटायला लागलं होतं की आपल्यातलं हे संपलं. मग एकदा एका मैत्रिणीच्या फुटेजवर बसले, तिनं क्लिप निवडून ठेवल्या होत्या, तर रात्री दीड कधी वाजला कळलं नाही. तेव्हा लक्षात आलं की एडिटिंगचा कंटाळा नव्हताच, स्वतःचे रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं फुटेज, बघण्याचा होता, कारण ते बघताना शूटमधल्या सगळ्या चुका परत बघाव्या लागतात आणि त्याचा त्रास होतो.

तेव्हापासून मी रशेस कॉम्प्युटरवर बघतच नाही. शूट केलं त्याच दिवशी संध्याकाळी, फारतर दुसऱ्या दिवशी, लोळून फोनवर बघते आणि जे बघताना आत काहीतरी हललं त्याला फेव्हरिटची खूण करते. का आवडलं वगैरे विचार करायचा नाही. हे लगेच करायचं एक कारण आहे, तो शॉट आपण का घेतला ते आज आठवत असतं, महिन्याभरानं त्यातली निम्मी गंमत विसरलेली असते आणि मग सगळ्याच क्लिप सारख्या दिसतात.

आता जरा हिशोब कर. सहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी तीन तास शूट केलंस तर तीसास एक झालं. नुसतं एकदा सरळ बघायलाच तीन तास, म्हणजे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गेल्या आणि अजून एक कटही बसलेला नाही. त्यामुळे अर्धा इलाज शूटमध्येच आहे. रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी मनात एक वाक्य असू दे, हे मी का घेतोय, मग दहा सेकंद कॅमेरा स्थिर धर आणि बंद कर. पॅन करत करत, म्हणजे कॅमेरा इकडून तिकडे फिरवत, चालत चाललेल्या चार मिनिटांच्या क्लिप एडिटला फार छळतात, त्या बघाव्याही लागतात आणि त्यातून वापरायला पाच सेकंदही निघत नाहीत.

बसायची वेळ छोटी ठेव, अर्धा तास पुरे, पण त्या अर्ध्या तासाला नाव दे. आज फक्त क्रम. आज फक्त आवाज. आवाजाच्या दिवशी कलरला हात लावायचा नाही, कितीही फिकट दिसत असलं तरी. आणि उठताना टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप जोडतो त्या पट्टीवर, एक मार्कर, म्हणजे खूण, टाकून त्यात उद्याचं पहिलं काम लिहून ठेव, 'इथे ढगांचा शॉट टाकायचा' इतकं साधं. जिथे अडकलास तिथे उठू नकोस, पुढचं काय ते माहीत आहे अशा जागी ऊठ. दुसऱ्या दिवशी उघडलं की हात आपोआप चालू होतो, डोकं नंतर येतं मागून.

अजून एक शंका, आणि ही मला बऱ्याच जणांच्या बाबतीत येते, की कंटाळा तुझा नसून मशीनचा आहे. क्लिप अडखळत चालतात का? फोर-के च्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. त्यात फोन फाइल लहान राहावी म्हणून एच.२६५ सारख्या पद्धतीनं रेकॉर्ड करतात, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, बहुतेक फ्रेमांत फक्त आजूबाजूच्या फ्रेमांपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. सरळ बघताना चालून जातं, पण एडिट करताना आपण सारखं इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब करत यावं लागतं. म्हणून तो गुदमरतो. यावर उपाय प्रॉक्सी. मूळ क्लिपच्या हलक्या कॉपी बनवायच्या, एडिट त्यांच्यावर करायचं, एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ क्लिप घेतं. प्रीमियर प्रो, फायनल कट, दाविंची रिझॉल्व्ह, सगळ्यांत ही सोय आहे आणि रिझॉल्व्हच्या फुकटच्या आवृत्तीतही आहे. रात्री लावून झोपायचं. दर दाबाला दोन सेकंद थांबावं लागत असेल तर कितीही आवड असलेला माणूस उठून जाईल.

राहिला अकरा ट्रिपांचा ढीग. तो क्रमानं उपसायला जाऊ नकोस. डोळे मिटून ज्या ट्रिपमधले तीन शॉट तुला आत्ता आठवतायत ती घे. तिचा एक मिनिटाचा व्हिडिओ कर, पाच-पाच सेकंदांचे बारा शॉट, खाली तिथलाच आवाज, बास. छोटा वाटेल, वाटू दे. यूट्यूबवर पहिलावहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ ला आला, तो १९ सेकंदांचा होता. एक मिनिटाचा पूर्ण झालेला व्हिडिओ तुला पुढच्या रविवारी जेवढा ओढून आणेल तेवढं वीस मिनिटांचा अर्धवट प्रोजेक्ट कधीच आणणार नाही. बाकीच्या ट्रिपा एका फोल्डरमध्ये टाक, त्याला 'नंतर' नाव दे. त्यांचं कुणाला देणं लागत नाहीस तू.

प्रश्न : मी मोबाइलवर बोलण्याचे व्हिडिओ करते. एडिट करायला घेतलं की सुरुवातीला ठीक असतं पण पुढे पुढे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. तासन्‌तास सरकवत बसते आणि शेवटी सोडून देते. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये. बरेचसे फोन ठरलेल्या फ्रेमरेटनं रेकॉर्ड करत नाहीत, उजेड कमी झाला किंवा फोनवर ताण आला की सेकंदाला ३० ऐवजी कधी २९, कधी २७ फ्रेम येतात. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. काही सॉफ्टवेअर मात्र सगळं एकसारखं आहे असं धरून चालतात, त्यामुळे फरक साठत साठत जातो आणि क्लिपच्या शेवटी डोळ्याला दिसायला लागतो. हॅण्डब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप टाकून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, फ्रेमरेट ३० ठेवा आणि नवी फाइल एडिटला घ्या. हे एडिटच्या आधी करायचं, नंतर केलं तर पहिल्यापासून सगळं परत. हाताने सरकवत बसण्यात जो जीव गेला तुमचा, तो पुढच्या व्हिडिओसाठी वाचवा.

प्रश्न : मी निवृत्त आहे. बागेत येणाऱ्या पक्ष्यांचे व्हिडिओ करतो. आधी घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी करायचो तेव्हा पहाटे उठून एडिट करत बसायचो. मुलीनं यूट्यूबवर चॅनेल सुरू करून दिलं. आता चाळीस-पन्नास व्ह्यूज येतात, सारखं उघडून बघतो, आणि गेल्या काही महिन्यांत बसायची इच्छाच गेली. आधी तर शून्य व्ह्यूज होते, तेव्हा आनंदात होतो!

उत्तर : काका, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलंय. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतात अशी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षिसाचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी वर्गात मोकळेपणी खेळायला सोडलं तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही.

तो प्रयोग व्ह्यूजचा नाही, हे मी माझ्या मनानं जोडतेय. पण मला तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय, जे खेळ होतं त्याच्यासमोर एक आकडा येऊन बसला आणि आता प्रत्येक कट त्या आकड्याला विचारून मारायचा असं झालं. चॅनेल बंद करा असं मी म्हणणार नाही, मुलीनं प्रेमानं काढून दिलंय. पण फोनवरचं यूट्यूबचं स्टुडिओ ॲप काढून टाका, आकडे महिन्यातून एकदाच कॉम्प्युटरवर बघा. आणि पुढचा व्हिडिओ अनलिस्टेड ठेवून अपलोड करा, म्हणजे ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच दिसेल. लिंक आधी ज्यांच्यासाठी करायचात त्या पाच-सहा जणांनाच पाठवा आणि त्यांना नुसतं छान म्हणू नका, कुठला क्षण आवडला ते सांगा असं सांगा. एकानं जरी सांगितलं की तो पक्षी मान वळवून बघतो ना, तिथे मी थांबलो, तर तुम्ही परत पहाटे उठाल याची मला खात्री आहे.

आणि चाळीस-पन्नास हा आकडा. एका खोलीत तेवढी माणसं बसवून तुमचा पक्षी दाखवायचा म्हटलं तर खुर्च्या पुरणार नाहीत हो.

प्रश्न : बाकीच्यांचे व्हिडिओ बघितले की माझं सगळं फालतू वाटतं. भारी लोकेशन नाही, भारी कॅमेरा नाही, कट मारून मारून पण तेच ते. कशासाठी करायचं?

उत्तर : भारी लोकेशनवाल्यांशी तुलना तू करतेस ती शूटची आहे, एडिटची नाही. एडिटमध्ये काय ताकद असते ते रशियातल्या लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. मोझुखिन नावाच्या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट, तो एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईच्या शॉटला. बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात दुःख, तिसऱ्यात ओढ. चेहरा तोच होता, अर्थ तयार झाला तो दोन शॉटच्या मधल्या जोडावर.

मला हे वाचल्यापासून आजतागायत याचं अप्रूप आहे आणि कंटाळा आला की मी हाच खेळ खेळते. तूही खेळ. घरातल्या कुणाचातरी खिडकीबाहेर बघतानाचा दहा सेकंदांचा शॉट घे, नाटक करायला सांगू नकोस. मग त्याला तीन वेगवेगळे शॉट जोडून तीन छोटे तुकडे कर, पाऊस, रिकामी खुर्ची, वाजणारा फोन, काहीही. नंतर त्याच तुकड्यांत आवाज सरकवून बघ. चेहऱ्यावर असतानाच फोनची रिंग ऐकू येऊ दे आणि फोन एका सेकंदानं दाखव, याला जे-कट म्हणतात कारण टाइमलाइनवर त्या क्लिपचा आकार इंग्रजी जे सारखा दिसतो. उलट केलं, चित्र फोनवर गेलं तरी खिडकीतल्या पावसाचा आवाज मागे रेंगाळू दिला, तर तो एल-कट. दोन्ही करून बघ, कुठला लागू पडतो ते कानाला लगेच कळतं, मला विचारायची गरज पडणार नाही.

तिन्ही तुकडे काहीही न सांगता दोघा-तिघांना दाखव आणि विचार, ही व्यक्ती काय विचार करतेय? उत्तरं काय आली ते मला जरूर लिहून पाठव, मला ऐकायचंय.